सेल लाइनवर चाललेले औषध रुग्णावर चालेल का? नव्या संशोधकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

२०१२ साली ब्रिटनमधील सँगर इन्स्टिट्यूट आणि बोस्टनचे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल येथील संशोधकांनी ६३९ कर्करोग सेल लाइन्सवर (म्हणजे रुग्णाच्या गाठीतून घेऊन प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींवर) १३० औषधे तपासल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील एक निष्कर्ष लक्षवेधी होता. यूइंग सार्कोमा या, प्रामुख्याने मुलांना आणि तरुणांना होणाऱ्या हाडांच्या कर्करोगाच्या सेल लाइन्स ओलापॅरिब या औषधाला फार संवेदनशील आढळल्या. पुढे अमेरिकेत केवळ ओलापॅरिब देऊन दुसऱ्या टप्प्याची चाचणी घेण्यात आली, तेव्हा १२ रुग्णांपैकी एकाचीही गाठ ठरलेल्या निकषाइतकी लहान झाली नाही, आणि चाचणीत पुढचे रुग्ण घेणे थांबवण्यात आले.

याच्या उलट उदाहरण इमॅटिनिबचे आहे. १९९६ साली या औषधाने बीसीआर-एबीएल हे विकृत प्रथिन असलेल्या पेशींची वाढ प्रयोगशाळेत रोखली, निरोगी पेशींच्या वसाहतींना फारसा धक्का लावला नाही, आणि २००१ साली ते क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावरील उपचार म्हणून मान्य झाले. दोन्ही ठिकाणी प्रयोगशाळेतील निरीक्षण खरे होते, तरी एक रुग्णापर्यंत पोहोचले आणि दुसरे पोहोचले नाही. सेल लाइनवर औषधांची तपासणी नुकतीच सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांना आपले काम या दोन टोकांच्या मध्ये कोठे बसते हे स्वतः ठरवता यावे, म्हणून हा लेख लिहिला आहे.

पहिली पायरी: प्रश्न वहीत लिहा, आणि अरुंद लिहा

"हे औषध स्तनाच्या कर्करोगावर चालते का?" या प्रश्नाचे उत्तर सेल लाइन देऊ शकत नाही. "हे औषध ज्या प्रथिनाला रोखते, त्या प्रथिनावर अवलंबून असलेल्या पेशी इतर पेशींच्या तुलनेत कमी मात्रेत थांबतात का?" याचे उत्तर मात्र ती बऱ्यापैकी विश्वासाने देते. इमॅटिनिबच्या वेळी विचारलेला प्रश्न दुसऱ्या प्रकारचा होता. शिवाय त्या संशोधकांनी सेल लाइन्सवर न थांबता रुग्णांच्या रक्तातील आणि अस्थिमज्जेतील पेशीही तपासल्या होत्या, हे सांगताना अनेकदा गाळले जाते.

अरुंद प्रश्नाची ताकद बीआरएएफ जनुकाच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसते. या जनुकातील व्ही६००ई बदल मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात आढळतो, तसाच काही आतड्याच्या कर्करोगांतही आढळतो. त्यावरचे वेमुराफेनिब २०११ साली मेलानोमासाठी मान्य झाले, परंतु तोच बदल असलेल्या आतड्याच्या कर्करोगात ते एकटे जवळजवळ निष्प्रभ ठरले. याचे कारण २०१२ साली आतड्याच्या कर्करोगाच्या सेल लाइन्सवरच सापडले. बीआरएएफ रोखताच या पेशी ईजीएफआर या, वाढीचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाचा मार्ग अधिक जोराने चालू करतात आणि वाढीचा संदेश दुसऱ्या वाटेने पुढे पाठवतात, तर मेलानोमाच्या पेशींत ईजीएफआर मुळातच कमी असल्यामुळे ही पळवाट त्यांना सहसा मिळत नाही. त्यावरून दोन्ही मार्ग एकाच वेळी अडवण्याची कल्पना आली आणि २०२० साली एन्कोराफेनिब व सेटुक्सिमॅब ही जोडी अमेरिकेत मान्य झाली. "जनुकातील बदल सारखा म्हणून परिणाम सारखा" हे गृहीतक येथे फसले होते, आणि ते का फसले ते सेल लाइन्सनीच दाखवले. म्हणून सेल लाइन्स निरुपयोगी आहेत असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांना काय विचारायचे हे आपण ठरवले पाहिजे.

दुसरी पायरी: बाटलीत खरोखर कोणत्या पेशी आहेत ते तपासा

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच ती सर्वाधिक वेळा वगळली जाते. एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन अनेक वर्षे स्तनाच्या कर्करोगाचा नमुना म्हणून जगभर वापरली गेली. २००० साली तिच्यातील जनुकांच्या अभिव्यक्तीचा आराखडा मेलानोमाशी जुळतो असे दिसले, आणि नंतरच्या तपासण्यांत ती एम-१४ या मेलानोमा सेल लाइनशी एकरूप असल्याचे निष्पन्न झाले. मेंदूतील ग्लायोब्लास्टोमासाठी वापरली जाणारी यू-८७ स्वीडनमधील उप्साला येथे १९६०च्या दशकात तयार झाली होती. जगभर वाटली जाणारी यू-८७ त्या मूळ रुग्णाच्या गाठीशी जुळत नाही, हे २०१६ साली डीएनए तुलनेतून कळले. १९५१ साली बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून तयार झालेल्या हेला पेशी तर इतक्या जोमदार आहेत की त्यांनी अनेक सेल लाइन्समध्ये शिरकाव करून मूळ पेशींना हद्दपार केले. चुकीची ओळख असलेल्या सेल लाइन्सची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे आणि तिच्यातील नावांची संख्या पाचशेच्या पुढे गेली आहे. काम सुरू करण्यापूर्वी आपल्या सेल लाइनचे नाव तिच्यात शोधणे पाच मिनिटांचे काम आहे.

त्यानंतर एसटीआर प्रोफायलिंग करून घ्यावे. न्यायवैद्यक प्रयोगशाळा माणसाची ओळख पटवण्यासाठी डीएनएतील ज्या लहान पुनरावृत्त तुकड्यांचा वापर करतात, तेच येथे वापरले जातात, आणि संदर्भ नमुन्याशी साधारणतः ८० टक्के किंवा त्याहून अधिक जुळणी झाली तर पेशी त्याच दात्याच्या मानल्या जातात. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या म्हणजेच एनसीसीएसच्या संग्रहातून सेल लाइन्स मागवता येतात. शेजारच्या प्रयोगशाळेतून ओळखीवर आणलेल्या फ्लास्कपेक्षा अशा संग्रहातून आलेली नोंदवलेली कुपी केव्हाही बरी. ज्या फ्लास्कचा पॅसेज क्रमांक (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये पुढे नेल्या तो आकडा) देणाऱ्यालाही सांगता येत नाही, तो घेऊ नये.

मायकोप्लाझ्माची तपासणी याच पायरीत येते. हे जिवाणू इतके लहान असतात की त्यांच्यामुळे मीडियम, म्हणजे पेशी वाढवण्याचा पोषक द्रव, गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाहीत, आणि पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनचाही त्यांच्यावर परिणाम होत नाही. त्यांतील काही जाती जेमसिटाबिनसारख्या कर्करोगावरील औषधाचे स्वतःच विघटन करतात, त्यामुळे पेशी औषधाला दाद देत नाहीत असा खोटा निष्कर्ष निघतो. विद्यार्थिदशेत माझे आठ महिन्यांचे काम अशाच एका दूषित फ्लास्कमुळे टाकून द्यावे लागले होते. तेव्हापासून नवी कुपी आली की आधी पीसीआर (जिवाणूंचा डीएनए शोधणारी) तपासणी आणि तोवर ती वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये, हा नियम मी कधी मोडलेला नाही. तुम्हीही मोडू नये.

तिसरी पायरी: नाव एक असले तरी पेशी एकसारख्या नसतात, हे लक्षात ठेवा

ओळख पटली तरी प्रश्न संपत नाही. २०१८ साली बोस्टन परिसरातील संशोधकांनी एमसीएफ-७ या स्तन कर्करोगाच्या सेल लाइनचे वेगवेगळ्या ठिकाणी वाढवलेले २७ उपप्रकार गोळा केले आणि त्यांच्यावर ३२१ संयुगे तपासली. ज्या संयुगांनी काही उपप्रकारांची वाढ जोरदारपणे रोखली, त्यांपैकी किमान ७५ टक्के संयुगे दुसऱ्या काही उपप्रकारांवर पूर्णपणे निष्क्रिय ठरली. सर्व उपप्रकारांचे नाव एमसीएफ-७च होते आणि एसटीआर जुळणीत ते एकाच दात्याचे ठरले असते. प्रत्येक प्रयोगशाळेचे मीडियम, सीरम आणि पेशी पुढे नेण्याची पद्धत वेगळी असते, आणि त्या परिस्थितीत ज्या पेशी अधिक वेगाने वाढतात त्यांची संख्या हळूहळू वाढत जाते.

यावर उपाय साधा आहे. पेशी आल्याबरोबर त्यांच्या पुरेशा कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये साठवाव्यात, सगळे प्रयोग ठरावीक पॅसेजच्या मर्यादेतच करावेत, आणि मर्यादा संपली की नवी कुपी उघडावी. प्रबंधात केवळ सेल लाइनचे नाव न लिहिता ती कोठून आली, कोणत्या पॅसेजला वापरली आणि कशात वाढवली हेही लिहावे.

चौथी पायरी: एक-दोन सेल लाइन्सवर थांबू नका

आपल्याकडील अनेक प्रबंधांत एमसीएफ-७ आणि हेला यांच्यावर वनस्पतीचा अर्क टाकलेला असतो आणि "निरोगी" पेशी म्हणून एचईके-२९३ घेतलेल्या असतात. या रचनेत दोन अडचणी आहेत. एचईके-२९३ भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून घेऊन अ‍ॅडिनोव्हायरसच्या डीएनएने अमर केलेल्या पेशी आहेत, त्यामुळे त्यांना निरोगी प्रौढ ऊतीचा नमुना म्हणता येत नाही. दुसरे असे की दोन सेल लाइन्समधील फरक हा दोन व्यक्तींमधील फरक असतो, आणि त्यावरून कर्करोगाच्या प्रकाराबद्दल बोलणे म्हणजे शितावरून नव्हे, तर एका शितावरून दुसऱ्याच घरच्या भाताची परीक्षा करण्यासारखे आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९० साली नऊ प्रकारच्या ऊतींपासून आलेल्या ६० सेल लाइन्सचा संच वापरायला सुरुवात केली. या संचाचे खरे बळ कोणत्याही एका सेल लाइनमध्ये नव्हते, तर साठही लाइन्सच्या प्रतिसादाचा जो आकृतिबंध तयार होतो त्यात होते. कार्यपद्धती सारखी असलेल्या औषधांचे आकृतिबंध एकमेकांशी जुळतात. एका विद्यार्थ्याला साठ सेल लाइन्स सांभाळणे शक्य नाही. मात्र ज्या खुणेवर आपला दावा आधारलेला आहे ती खूण असलेल्या चार-पाच आणि नसलेल्या चार-पाच लाइन्स निवडणे शक्य असते, आणि एकाच लाइनमध्ये तो बदल घडवून किंवा जनुक बंद करून तयार केलेल्या जोड्या मिळाल्या तर दावा अधिक भक्कम होतो. खारघरच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रात म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये कर्करोगविरोधी औषधांच्या तपासणीची सुविधा आहे, तिचाही विचार करावा.

संच कोणाचा आहे हेही पाहावे. मोठ्या आंतरराष्ट्रीय संग्रहांतील बहुसंख्य सेल लाइन्स युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या रुग्णांपासून आलेल्या आहेत. तंबाखू चघळण्यामुळे होणारा गालाच्या आतील आणि हिरडीचा कर्करोग आपल्याकडे रुग्णालये भरून टाकतो, तरी त्याचे नमुने या संग्रहांत फार थोडे आहेत. ही उणीव मला मनापासून खटकते, आणि मुखकर्करोगावर काम करू इच्छिणाऱ्यांनी भारतीय रुग्णांपासून तयार झालेल्या लाइन्स आग्रहाने शोधाव्यात असे वाटते.

पाचवी पायरी: मीडियम, द्रावक आणि मात्रा

पेशींना आपण जे खायला घालतो त्यावर औषधाचा परिणाम बदलतो. डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये ग्लुकोज लिटरला ४.५ ग्रॅम, म्हणजे निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या रक्तातील प्रमाणाच्या सुमारे पाचपट असते. २०१७ साली मानवी रक्तद्रवाच्या घटकांशी जुळणारे मीडियम तयार करण्यात आले, तेव्हा असे आढळले की माणसाच्या रक्तात असलेले, पण नेहमीच्या मीडियममध्ये जवळजवळ नसलेले युरिक आम्ल पेशींतील एका विकराला रोखते आणि त्यामुळे ५-फ्लुओरोयुरॅसिल या जुन्या, रोजच्या वापरातील औषधाचा प्रभाव कमी होतो.

द्रावकाची चूक त्याहूनही सहज होते. बहुतेक संयुगे डीएमएसओमध्ये विरघळवण्याची सवय असते आणि त्याच सवयीने सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमयुक्त औषधही डीएमएसओमध्ये टाकले जाते. परंतु डीएमएसओ प्लॅटिनमशी बंध तयार करून औषध निकामी करते. सिस्प्लॅटिन सलाइनमध्येच विरघळवावे.

मात्रेबाबत स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही मात्रा रुग्णाच्या रक्तात कधी येते का? हळदीतील करक्युमिनवर आपल्याकडे अपार काम झाले आहे आणि प्लेटमध्ये ते साधारण १० ते ५० मायक्रोमोलरला पेशी मारते. तोंडावाटे काही ग्रॅम घेतल्यावरही बहुतेक चाचण्यांत मूळ रूपातील करक्युमिन रक्तात एका मायक्रोमोलरच्या बरेच खाली राहिले. शिवाय ते पिवळे असल्यामुळे रंगावर आधारलेल्या मोजणीत ढवळाढवळ करते आणि अनेक प्रथिनांशी अविशिष्टपणे जोडले जाते. रक्तातील एकूण मात्रा पुरेशी दिसली तरी औषध मोकळे असतेच असे नाही. यूसीएन-०१ हे संयुग प्रयोगशाळेत आशादायक होते, परंतु माणसाच्या रक्तातील एका प्रथिनाने ते इतके घट्ट धरून ठेवले की त्याची वागणूक प्राण्यांवरील प्रयोगांतून बांधलेल्या अंदाजापेक्षा पार वेगळी निघाली. दहा टक्के सीरम असलेल्या मीडियममध्ये अशी गोष्ट कळू शकत नाही. म्हणून आपल्या आलेखावर, औषध आधीच वापरात असेल तर, रुग्णांत मिळणाऱ्या सर्वोच्च मात्रेची उभी रेघ आखावी. ती रेघ पाहिल्यावर अनेक आकर्षक वक्र आपोआप बाजूला पडतात.

सहावी पायरी: मरण मोजता की मंदावलेली वाढ, हे ओळखा

एमटीटी चाचणी पेशींची संख्या थेट मोजत नाही. जिवंत पेशींतील विकर पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात आणि आपण तो रंग मोजतो, त्यामुळे चयापचय बदलणारे औषध पेशी न मारताही आकडा बदलू शकते. एसआरबी चाचणी प्रथिनांचे प्रमाण मोजते आणि एटीपीवर आधारलेली चाचणी एटीपी हा पेशींतील ऊर्जावाहक रेणू मोजते. निदान काही प्लेट्समध्ये पेशी सूक्ष्मदर्शकाने प्रत्यक्ष मोजून या आकड्यांची शहानिशा करावी.

याहून मोठी गफलत वाढीच्या वेगामुळे होते. एचसीटी-११६ पेशी सुमारे १७ तासांत दुप्पट होतात, तर एचओपी-९२ पेशींना त्यासाठी जवळपास ८० तास लागतात. समजा, एखादे औषध दोन्हींच्या वाढीचा वेग नेमका निम्मा करते आणि दोन्हींची सुरुवात १००० पेशींनी झाली. ७२ तासांत औषधाविना पहिल्या लाइनच्या पेशी चार वेळा दुप्पट होऊन सुमारे १६,००० होतील आणि औषधासह ४,००० होतील, म्हणजे "२५ टक्के पेशी उरल्या" असा निकाल येईल. दुसऱ्या लाइनच्या पेशी औषधाविना साधारण २,००० आणि औषधासह १,४०० होतील, म्हणजे निकाल ७० टक्क्यांचा येईल. औषधाचा परिणाम दोन्हींवर सारखाच असूनही पहिली लाइन संवेदनशील आणि दुसरी प्रतिकारक्षम ठरेल, आणि दोन्हींत एकही पेशी मेलेली नसेल!

म्हणून औषध टाकण्याच्या क्षणी एक वेगळी प्लेट थांबवून सुरुवातीची संख्या मोजणे अनिवार्य मानावे. ६० लाइन्सच्या संचात जीआय-५० (वाढ निम्मी करणारी मात्रा) हे मोजमाप याच कारणाने सुरुवातीची संख्या वजा करून काढले जात असे, आणि २०१६ साली हार्वर्डच्या संशोधकांनी मांडलेले जीआर मोजमाप दुप्पट होण्याच्या वेगाचाही हिशेब करते. वरच्या उदाहरणात दोन्ही लाइन्सचे जीआर मूल्य सुमारे ०.४ येते. आणखी दोन गोष्टी पाळाव्यात: प्लेटच्या कडेच्या वेल्समधून (खळग्यांमधून) बाष्पीभवन अधिक होते, म्हणून त्यांत केवळ मीडियम भरावे, आणि एकाच दिवशीच्या तीन वेल्सना तीन प्रयोग म्हणू नये.

सातवी पायरी: प्रसिद्ध माहितीसंच वापरताना

सँगरच्या अहवालाबरोबर, त्याच अंकात, ब्रॉड इन्स्टिट्यूट आणि नोव्हार्टिस यांचाही सेल लाइन संच प्रसिद्ध झाला होता. २०१३ साली दोन्हींतील समान १५ औषधे आणि ४७१ सेल लाइन्स ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा जनुकांच्या अभिव्यक्तीचे आकडे चांगले जुळले, पण औषधांच्या प्रतिसादाचे आकडे फारसे जुळले नाहीत. त्यावर बराच वाद झाला. बहुतेक सेल लाइन्स एखाद्या औषधाला प्रतिसादच देत नसतील, तर उरलेल्या चढउतारांचा सहसंबंध कमी येणारच, हा आक्षेप मला रास्त वाटतो. आणि मोजणीच्या पद्धती सारख्या केल्यावर जुळणी सुधारते असे नंतर दिसलेही. नवख्याने यातून घ्यायची सवय एकच: एका संचात सापडलेला संबंध दुसऱ्या संचात तपासल्याशिवाय त्यावर प्रयोग उभारू नये.

संगणकीय प्रारूप तयार करणाऱ्यांनी एका सापळ्यापासून सावध राहावे. बोर्टेझोमिब हे औषध जवळजवळ सर्व सेल लाइन्सना अगदी कमी मात्रेत मारते आणि काही औषधे कोणालाच मारत नाहीत. त्यामुळे केवळ औषधाची सरासरी पाठ केलेले प्रारूपही सर्व औषधांवर मिळून उत्तम सहसंबंध दाखवते. प्रत्येक औषधासाठी वेगळे गुण काढावेत, आणि चाचणीच्या गटातील सेल लाइन शिकवणीच्या गटात एकदाही आलेली नसावी.

आठवी पायरी: बशीबाहेर जा, आणि निष्कर्ष त्याच मापाने लिहा

बशीत रक्तवाहिन्या नसतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी नसतात, यकृत नसते. पुढची चाचणी उंदरातील मानवी गाठीवर करण्याची प्रथा आहे, पण तीही अचूक नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ साली ३९ औषधांचा आढावा घेतला, तेव्हा एका अवयवाच्या गाठीवर उंदरात दिसलेला परिणाम माणसातील त्याच अवयवाच्या कर्करोगाशी फारसा जुळत नाही असे आढळले. मात्र जी औषधे उंदरांतील अनेक निरनिराळ्या गाठींवर चालली, ती माणसातही कोठे ना कोठे चालण्याची शक्यता अधिक होती. रुग्णाच्या गाठीतून वाढवलेले ऑर्गनॉइड अधिक आशादायक दिसतात. २०१८ साली पचनसंस्थेच्या पसरलेल्या कर्करोगांवरील एका अभ्यासात, ऑर्गनॉइडवर न चाललेले एकही औषध त्या रुग्णावर चालले नाही, आणि ऑर्गनॉइडवर चाललेल्या औषधांपैकी ८८ टक्के रुग्णांवरही चालली. रुग्णांची संख्या लहान होती, तरी येथे तुलना त्याच रुग्णाशी केली गेली होती, हे महत्त्वाचे. "चालणार नाही" हे भाकीत "चालेल" या भाकितापेक्षा भक्कम निघाले, हेही नोंद घेण्यासारखे आहे.

तुमचे काम या टप्प्यापर्यंत जाणार नसेल, तर त्यात कमीपणा मानू नये, पण वाक्य तेवढ्याच मापाचे लिहावे. "या अर्काने स्तनाचा कर्करोग बरा होतो" किंवा "हा अर्क प्रभावी कर्करोगविरोधी औषध ठरेल" असे न लिहिता, "एसटीआरने ओळख पटवलेल्या आणि मायकोप्लाझ्मामुक्त अशा आठ सेल लाइन्सपैकी पाच लाइन्सची वाढ या संयुगाने ७२ तासांत, दोन मायक्रोमोलर मात्रेला निम्म्यावर आणली, या पाचही लाइन्समध्ये अमुक जनुकातील बदल आहे आणि उरलेल्या तिन्हींत तो नाही" असे लिहावे. हे वाक्य वाचून दुसऱ्या प्रयोगशाळेतील माणूस तोच प्रयोग पुन्हा करू शकतो, आणि वर्तमानपत्रातील बातमी वाचून आशा लावून बसलेल्या रुग्णाच्या घरच्यांना तुमचे नाव पुढे करून कोणी तो अर्क विकू शकत नाही.